दंडावरचा कारकून

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ॲबट कंपनीने आपल्या 'लिब्रे ३' जातीच्या काही शर्करामापक सेन्सरांविषयी जो इशारा प्रसिद्ध केला, आणि ज्याची चर्चा मधुमेह्यांच्या घरोघरी झाली, त्यात एकट्या अमेरिकेतील सुमारे तीस लाख नगांचा उल्लेख होता. एका उत्पादन-साखळीतील दोषामुळे ही यंत्रे शर्करा असते त्याहून कमी दाखवीत होती, आणि अशा खोट्या आकड्यावर विसंबून माणूस घ्यावयाचे इन्सुलिन टाळतो किंवा नको असता साखर तोंडात टाकतो. बातमी आली त्या संध्याकाळी लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या बिऱ्हाडात सौभाग्यवतींनी कपाटातला खोका काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "तुमचा त्यातला नाही ना हो?"

"नाही. माझा 'लिब्रे २ प्लस'. तो ह्या इशाऱ्यात येत नाही."

"मग बरं. पण एवढे पैसे मोजून घेता, तर निदान त्याचा काही उपयोग होतो का, ते तरी सांगा."

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही, आणि प्रस्तुत लेख हा त्या विलंबाचा खुलासा आहे.

सेन्सर फुकट कोणास मिळतो हे येथील वाचकांस मी सांगावयास नको. मार्च २०२२ मध्ये आरोग्यसेवेचे निकष ठरविणाऱ्या 'नाइस' ह्या सरकारी संस्थेने पहिल्या प्रकारच्या सर्व प्रौढ मधुमेह्यांना सेन्सर देऊ करावा असे ठरविले; दुसऱ्या प्रकारच्यांसाठी मात्र दरवाजा अर्धाच उघडला, म्हणजे दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचून घेणारा आणि त्यावर आणखी काही अडचण असलेला – शर्करा वारंवार घसरणारा, घसरली तरी न कळणारा, हाताने वा डोळ्याने अधू, अथवा दिवसातून आठ वेळा बोट टोचण्याचा सल्ला मिळालेला – एवढाच रुग्ण आत घेतला. मी गोळ्यांवरचा. गोळ्यांवरच्या मधुमेह्याला औषधांच्या शुल्कातून माफीचा दाखला मिळतो, केवळ पथ्यावर असलेल्याला तोही मिळत नाही. परंतु माफी असते ती डॉक्टर लिहून देईल त्या वस्तूची, आणि सेन्सर लिहूनच मिळत नसेल तर त्या दाखल्याचे काय लोणचे घालावयाचे? थेरेसा मे पंतप्रधान असताना, २०१८ मध्ये, त्यांच्या दंडावरील सेन्सरची पांढरी चकती छायाचित्रांत झळकली. त्या पहिल्या प्रकारच्या मधुमेही, त्यांचा हक्क निर्विवाद; तरी त्या चित्रानंतर ही चकती आमच्यासारख्यांच्या डोळ्यांत भरली हे कबूल केले पाहिजे.

आता जमाखर्च. चौदा दिवसांच्या सेन्सरचा किरकोळ भाव बरीच वर्षे ५७.९५ पौंड होता, तर सरकारी औषध-दरपत्रकात त्याच वस्तूपुढे ३५ पौंड लिहिलेले होते. घाऊक गिऱ्हाइकाला भाव निराळा मिळतो हे मान्य, पण तेवीस पौंडांची ही तफावत पाहून मनुष्य क्षणभर खिन्न होतोच. आता पंधरा दिवसांचा आला, भाव दुकानागणिक बदलतो, तरी हिशेबाची रीत समजण्यास जुने आकडे पुरेत. वर्षाला सव्वीस नग धरले तर १५०६ पौंड ७० पेन्स. आणि हा आकडा मी कल्पनेने लिहीत नाही, कारण पहिल्या वर्षी तो मी खरोखरच भरला.

त्यांतील २५१ पौंड भरण्याचे मला काही कारण नव्हते. ह्या देशात दीर्घकालीन व्याधी असलेल्याने स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या अशा उपकरणावर मूल्यवर्धित कर लागत नाही, आणि मधुमेह ही त्या व्याख्येत बसणारी व्याधी आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, अर्जावर नाव, पत्ता, व्याधीचे नाव आणि सही एवढीच मखलाशी पुरते, की ५७.९५ चे ४८.२९ होतात. ज्या दुकानातून मी घेत होतो तेथील तरुणाने मात्र "ती सवलत चाकाच्या खुर्च्यांना" असे इतक्या निश्चयाने सांगितले की मी पुढे वर्षभर विचारलेच नाही. पुढे कळले की करमाफी विक्रीच्या वेळीच दुकानदाराने वजा करावयाची असते, आणि मागाहून कर-खात्याकडे तगादा लावून उपयोग नसतो. म्हणून हे वाचणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी: पैसे मोजण्यापूर्वी तो अर्ज मागावा, आणि नाही म्हणणाऱ्याच्या दुकानातून सौजन्यपूर्वक बाहेर पडावे. सही खोटी करू नये, एवढे सांगण्याची गरज नसावी. आणि 'लिंगो' नावाने जानेवारी २०२४ पासून येथे जो सेन्सर विकला जातो तो निरोग्यांच्या कुतूहलासाठी आहे, मधुमेह्यांनी त्याच्या जाहिरातीला भुलू नये.

ह्यापुढची काटकसर बहुतेकांना सुचते ती प्रवासी काटकसर. पुण्याला पाच हजार रुपयांच्या आसपास मिळतो, तर येताना चार आणावेत. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात – १९३२ पासूनची ती संस्था, आणि तेथील गप्पांत आजार हा विषय बटाटेवड्याइतकाच नित्याचा – ही युक्ती मी निदान तीन जणांकडून ऐकली आहे. मी तिच्या वाटेस जात नाही. अॅप देशादेशाचे वेगळे, एका प्रदेशाचा सेन्सर दुसऱ्या प्रदेशाच्या अॅपशी बोलेलच असे नाही, आणि बिघडला तर बदलून मागावयाचा कोणाकडे? तीच गोष्ट ऑनलाइन बाजारात निम्म्या भावाने मिळणाऱ्या, मुदत संपत आलेल्या खोक्यांची. 'लिब्रे ३'च्या त्या इशाऱ्याच्या वेळी ज्यांच्याजवळ खोका, त्यावरील क्रमांक आणि पावती होती त्यांनी क्रमांक ताडून पाहिला आणि दोषी निघाला तर नवा मोफत मागितला. ब्रिटनच्या औषध-नियामकानेही ग्राहकांस हेच करावयास सांगितले. अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेल्या सुट्या सेन्सराला असा मायबाप नसतो. मुदतीआधी निखळलेला किंवा मुका झालेला सेन्सरही कंपनी बहुधा बदलून देते, म्हणून मी खोके पंधरा दिवस टाकीत नाही; घरात त्यांची चळत होते आणि त्यावरून बोलणी खावी लागतात.

येथे थोडे विषयांतर होणार आहे आणि ते मी मुद्दाम करीत आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले: एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३, म्हणजे तराजू आणि फूटपट्टी ह्यांच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊ. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. स्वतःच्याच देहाला पुरावा म्हणून साक्षीला उभे करण्याचा हा प्रांजळपणा मला फार आवडतो. शास्त्रज्ञ सामान्यतः उंदरांना पुढे करतात. ह्या चित्रामागे याज्ञिकांचे पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेले काम होते, ज्यात असे आढळले की तेथील नवजात बालक सरासरीने २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचे ३.५ च्या आसपास, पण पुण्याच्या त्या लहानग्यात कमी भरते ते स्नायूंचे आणि अवयवांचे वजन. चरबी त्या मानाने शाबूत. बारीक दिसणारा, आतून स्थूल: आपल्याकडील अनेक मधुमेह्यांचे वर्णन एवढ्यात आटोपते.

मला हे का आठवते? कारण निदान झाले तेव्हा ज्या परिचारिकेने मला पथ्य समजावून दिले ती माझ्याकडे पाहून "तुम्ही मधुमेही दिसत नाही" असे कौतुकाने म्हणाली होती, आणि मीही त्या कौतुकावर सहा महिने काढले. सरकारी नियमावलीही ही आतली चरबी पाहत नाही, ती इन्सुलिनच्या सुया मोजते. नव्याने निदान झालेल्या प्रत्येक दक्षिण आशियाई माणसाला एक, फक्त एक सेन्सर सरकारने आपल्या तिजोरीतून लावून पाहावा असे माझे मत आहे. गोळ्यांवरच्या रुग्णाला तो बारा महिने द्यावा असे मात्र मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण माझे स्वतःचे पहिले वर्ष.

त्या वर्षी मी सव्वीस सेन्सर लावले आणि जवळजवळ काहीही शिकलो नाही. सेन्सर हा मुळात एक कारकून आहे. त्वचेखाली सुमारे पाच मिलिमीटर गेलेल्या केसासारख्या तंतूवर एक विकर बसविलेले असते, शर्करेशी त्याची क्रिया होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि त्या प्रवाहाची नोंद अहोरात्र होत राहते. ही 'तार जोडलेल्या विकरा'ची कल्पना ॲडम हेलर ह्या, रुमानियात जन्मलेल्या आणि हिटलरच्या छळातून वाचलेल्या रसायनशास्त्रज्ञाची, आणि त्याने मुलासह काढलेली कंपनीच पुढे, २००४ मध्ये, ॲबटने विकत घेतली. कारकून प्रामाणिक, पण त्याची नोंद रक्ताची नसून पेशींमधल्या द्रवाची, म्हणून पाचदहा मिनिटे मागे. आणि त्याच दंडावर कुशीवर झोपलात तर तो पहाटे तीन वाजता भलतीच घसरण लिहून ठेवतो. कारकुनाला काय टिपावयाचे ते साहेबाने सांगावे लागते, आणि साहेब तर नुसता दर वीस मिनिटांनी फोन उघडून घाबरत होता.

आता मी वर्षाला चार लावतो. जुन्या भावाने, करमाफीसह, १९३ पौंड. दोन सेन्सरांच्या मधल्या काळात साधे बोट टोचण्याचे यंत्र पुरते. सेन्सर लावण्याआधी एका जुन्या चौकटीच्या वहीत, तिला मी रोजकीर्द म्हणतो, प्रश्न लिहितो, आणि एका खेपेस तीनचारच: पोहे की उपमा, जेवणानंतर वीस मिनिटे चालले तर किती फरक, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी. खिचडीचे उत्तर एका सकाळीच मिळाले: १३.२, आणि भारतातील आकड्यांची सवय असलेल्यांनी अठराने गुणावे. उपास मी सोडला नाही, खिचडीची वाटी मात्र निम्मी झाली.

सर्वांत उपयोगी ठरली ती ताटाची चौकशी. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल संस्थेतील अल्पना शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अवघ्या अकरा रुग्णांवर केलेल्या पाहणीत असे दिसले होते की तेच अन्न, पण भाजी व प्रथिने आधी आणि पिष्ट पदार्थ शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची शर्करा पुष्कळ कमी चढते. अकरा माणसे म्हणजे पुराव्याच्या बाजारात चिल्लर, हे खरे. पण माझ्या दंडावरचा बारावा माणूस मला स्वस्तात उपलब्ध होता. आपल्या पानाची रीत पाहा: डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू वाढून तयार, आणि तरी सुरुवात कशाने, तर मुदीच्या वरणभातावर तूप घालून. मी तीन दिवस रीतीप्रमाणे जेवलो आणि तीन दिवस उलटा: आधी काकडीची कोशिंबीर सबंध, मग मटकीची उसळ, मग पोळी, आणि वरणभात अखेरीस. रीतीचे शिखर १२ च्या वर, उलट्याचे साडेनऊच्या खाली. सेन्सर निघाला तरी कोशिंबिरीचा क्रम तसाच राहिला आहे आणि त्याला पौंड लागत नाहीत. अर्थात, हे सारे गोळ्यांवरच्या माणसाचे अर्थशास्त्र आहे; इन्सुलिन घेणाऱ्याने, विशेषतः ज्याला शर्करा घसरल्याचे कळत नाही त्याने, सेन्सरांत काटकसर करू नये, उलट जीपीकडे पुन्हा जाऊन हक्क मागावा, कारण एकदा नाही म्हटले म्हणजे कायमचे नाही असे नसते.

गेल्या रविवारी पंधरावा दिवस होता. अॅपने मुदत संपल्याची सूचना दिली, सौभाग्यवतींनी चकतीच्या कडेला खोबरेल तेलाचे बोट फिरविले – विकतच्या पुसण्यांना पाच पौंड कोण देतो – आणि ती निघाली तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला.

"दादा, काल जेवणानंतर किती आली?"

"साडेनऊ."

"अगंबाई! इतकी कमी?"

"गुण अठराने," मी म्हटले, आणि ती कागद शोधायला गेली.