तिथीची पाऊणपट

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग नकाशावर सलग रेघेसारखा दिसतो. गाडी घेऊन निघालं की कळतं, हा रस्ता जागोजागी पाण्यापाशी येऊन थांबतो. समोर खाडी, पलीकडच्या काठावर माडांच्या आड पुन्हा तोच रस्ता. मधलं अंतर तरीने कापायचं. कोकण किनारा पाहायचा तर तो या थांबण्याच्या जागांवरच पाहावा, असं माझं पक्कं मत आहे. देवळं, किल्ले, पुळणी यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. खाड्यांच्या वाट्याला मात्र दोन ओळीही येत नाहीत.

मुंबई-गोवा महामार्ग या खाड्या टाळून आतून जातो. तो नद्या ओलांडतो कुठे, ते बघा: महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वराजवळ शास्त्री, राजापूरला अर्जुना. ही सगळी एके काळची बंदरं. समुद्राच्या भरतीवर गलबतं इथवर आत येत, माल उतरे आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ की नद्या आखूड, आणि त्यांची मुखं मात्र रुंद, खाऱ्या पाण्याने भरलेली. पूल बांधायचा तर आत, पात्र अरुंद असेल तिथे बांधणं सोपं. म्हणून रस्ता आत गेला आणि किनाऱ्यावरची गावं एकमेकांना समोरासमोर दिसत असूनही लांब राहिली. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला गाडीने वळसा घालून जायचं म्हटलं, तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभर किलोमीटरहून जास्त होतं. तरीने दहा-पंधरा मिनिटं.

इतिहास थोडक्यात सांगते. पूर्वी किनाऱ्याचा प्रवास आगबोटीने होई. बोट बाहेर उभी राही आणि माणसं पडावातून काठाला येत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगितली जाते. पुढे १९८० च्या सुमारास बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना सागरी महामार्गाच्या कल्पनेला जोर आला. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर रखडले.

माझी मैत्रीण कराडची. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पोहायला शिकलेली, त्यामुळे तिचं पाण्याचं वेड नद्यांचं आणि माझं समुद्राचं. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरलो (ही रो-रो सेवा २०२० पासून आहे) आणि दक्षिणेकडे निघालो. गाडी ती चालवणार, वेळापत्रक मी बघणार. वेळापत्रक म्हणजे कालनिर्णयचं पान. किनाऱ्यावर घड्याळाआधी तिथी बघावी. जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती आणि बाराच्या आसपास सुकती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्याचंच हे ढोबळ गणित, आणि ते करायला कागदही लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. मुंबईकडे हा चढउतार मोठा, गोव्याकडे जावं तसा कमी होत जातो.

पाण्याची पातळी सतत हलत असताना गाडी बोटीत चढवायची कशी, याचं उत्तर मला फार आवडतं. जेट्टी सपाट बांधतच नाहीत. सिमेंटचा लांब उतार थेट पाण्यात नेतात. बोट सपाट बुडाची, तिच्या तोंडाला लोखंडी फळा. पाणी जिथे असेल तिथे बोट उताराला तोंड लावते आणि फळा खाली सोडते. भरतीला वर लागते, ओहोटीला खाली. खालचा भाग नुकताच पाण्यातून वर आलेला असतो, शेवाळाने निसरडा. खलाशी तिथे उभा राहून “या ताई, सरळ या, ब्रेक नका दाबू,” म्हणत एकेक गाडी घेतो. आधी चारचाकी, मग फटीफटींत दुचाकी, शेवटी माशांच्या टोपल्या आणि माणसं. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला असंच गेलो. मधलं श्रीवर्धन सुपारीसाठी, वेळास नाना फडणवीसांसाठी आणि कासवांसाठी, हर्णै संध्याकाळच्या मासळीच्या लिलावासाठी. त्यांवर इथे अधिक लिहीत नाही, कारण दाभोळला पोचायचंय.

दाभोळ हे बहामनी आणि पुढे आदिलशाहीचं मोठं बंदर. अरबस्तानातून घोडे इथे उतरत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, विकायला आणलेला घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतल्यावर बाका प्रसंग ओढवला, त्यातून सुटून तो बीदरला गेला आणि अखेर दाभोळहूनच जहाजात बसून परतला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आम्ही ते आधी पाहून आलो होतो, त्यामुळे तो उतरला त्या खाडीपासून निघाला त्या खाडीपर्यंत आलो याचा दोघींना मनापासून आनंद झाला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे गाव जाळलं. त्यानंतर अर्ध्या शतकाने, आदिलशाहीत, विजापुरी घडणीची मशीद उभी राहिली: मोठा घुमट, चार मिनार, भोवती माड. तरीची वाट बघणारी माणसं जेट्टीवर चहा पितात आणि ही इमारत न बघता जातात, याची मला हळहळ वाटते. पाच मिनिटं चालायचं आहे फक्त.

त्या दिवशी चतुर्थी होती. चाराची पाऊणपट तीन. आम्ही तीननंतर बराच वेळ मुद्दाम थांबलो, कारण मला ओहोटी लागलेली खाडी पाहायची होती. तर सुटली तेव्हा पाणी समुद्राकडे ओढ घेऊ लागलं होतं आणि सारंग बोटीचं तोंड नदीच्या वरच्या अंगाला धरून तिरका चालला होता, वाहून जाणारं अंतर आधीच हिशेबात धरून. तेव्हा मी मैत्रिणीला म्हटलं, “अगं, यात तुझी कोयना आहे.”

तिला आधी पटेना. कोयना कराडला कृष्णेला मिळते, कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. शाळेत हेच पाठ केलेलं. पण १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाची वीज सुरू झाली आणि धरणाचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरू लागलं. पोफळीच्या भूमिगत वीजघरात जनित्रं फिरवून, कोळकेवाडीला पुन्हा वीज देऊन ते चिपळूणजवळ वाशिष्ठीला मिळतं. म्हणून तर कोकणातल्या इतर नद्या वैशाखात दगडगोट्यांवर येतात तेव्हाही चिपळूणला वाशिष्ठी वाहती असते. तीच वाशिष्ठी ही दाभोळची खाडी. महाबळेश्वरी उगम पावलेलं, पूर्वेला निघालेलं पाणी माणसांनी वळवलं म्हणून अंजनवेलच्या गोपाळगडाशेजारून अरबी समुद्रात जातं.

ती गाडीतून उतरून कठड्याशी गेली. पलीकडचा काठ येईपर्यंत बोललीच नाही, मग म्हणाली, “आईला सांगायला हवं. तिच्या माहेरचं गाव धरणाखाली गेलंय.” इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला हे ठाऊक नव्हतं. धोपाव्याहून गुहागरपर्यंत ती त्या गावाबद्दल सांगत राहिली: खाचरं, करवंदांच्या जाळ्या, पाणी चढायच्या आधी हलवलेला देव. वाटेतला वीजप्रकल्प, एन्‍रॉनच्या नावाने एके काळी देशभर गाजलेला, मी तिला दाखवायचाच राहू दिला.

पुढे तवसाळहून जयगडला तरीने, नंतर पुलांवरून: भाट्ये, पूर्णगड, जैतापूर. या उरलेल्या खाड्यांवरही पूल व्हायला हवेत का? व्हावेत. रात्री तर बंद असते आणि आजारी माणसाला ओहोटी-भरती सांगता येत नाही. जेट्टीवर भेटलेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं. माझी मागणी एवढीच की पूल झाल्यावरही जेट्ट्या आणि बोटी चालत्या ठेवाव्यात. गोव्यात सरकारच्या फेरीबोटी अजून चालतात, मग आपल्याला का जमू नये?

तेरेखोलच्या किल्ल्यापाशी आमचा रस्ता संपला. नदीच्या उत्तर काठावर असूनही हा तुकडा गोव्याचा, कारण १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि सोडला नाही. परतताना महामार्गाने झपाट्याने जायचं ठरलं होतं. ते रद्द केलं. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे, चालवणारीच्या बाजूला असतो, पण वळणांवर तिची नजर रस्त्यावर. उत्तरेला जाताना तो डाव्या खिडकीत येतो. गाडी मी हातात घेतली, तिला डावीकडे बसवलं आणि पान उलटून पुढच्या तिथ्या मोजायला तिच्याकडे दिल्या.