वारीला निघण्याआधी पाय पाहा

ज्येष्ठ महिना आला की गावोगाव वारीची तयारी सुरू होते. टाळ पुसतात, पताका शिवतात, पडशीत दशम्या बांधतात. पायांची तयारी मात्र कोणी करीत नाही. आणि चालायचे तर पायांनीच!

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटर आहे. पालखीबरोबर चालायला १८ ते २० दिवस लागतात. पुणे ते सासवड ही मजल फार लांब. त्यात दिवेघाटाचा चढ. त्या रात्री सासवडच्या मुक्कामात पाहा, कितीतरी माणसे लंगडत असतात. आम्हीही एकदा लंगडलो. कारण काय? निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली नवी वहाण!

वहाण चावते असे आपण म्हणतो. ती चावते कशी? आषाढात पाऊस असतो. पाय ओले राहतात. ओली कातडी मऊ पडते. वहाणेचा पट्टा तिला घासतो. वरची कातडी सरकते, खालची जागेवर राहते. दोन्हींच्या मध्ये पाणी भरते. हाच फोड.

म्हणून वहाण जुनी, पायाला बसलेली घ्या. नवीच घ्यायची तर महिनाभर आधी घ्या. पट्ट्यांना तेल लावून ती मऊ करा आणि रोज शेतावर घालून जा. बूट घालीत असाल तर मोज्यांचे दोन जोड ठेवा. ओला जोड लगेच बदला. नखे आधीच सरळ कापा. पट्टा लागतो तिथे सकाळी थोडे खोबरेल चोळा. डोक्यावर ओझे कमी घ्या. ओझे वाढले की पाय जास्त घासतो.

फोड येण्याआधी ती जागा चुरचुरते. तेव्हाच थांबा! दिंडी पुढे जाईल म्हणून माणसे थांबत नाहीत. अहो, दिंडी गाठता येते. पाय पुसून कोरडा करा. लाल जागेवर चिकटपट्टी लावा, मग चाला.

फोड आलाच तर फोडू नका. वरची कातडी म्हणजे जखमेचे झाकणच. काही जण सुईदोरा फोडातून आरपार ओवून ठेवतात. ते वाईट. दोऱ्यावाटे घाण आत शिरते. राख, शेण, तंबाखू यांतले काहीही लावू नका. फोड मोठा असेल, ठणकत असेल, तर पालखीच्या वाटेवर सरकारी दवाखान्याची माणसे असतात, त्यांना दाखवा. पू झाला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

आता साखरेच्या आजाराविषयी. आमच्या दिंडीत एक गृहस्थ होते. त्यांना हा आजार होता. अनवाणी चालायचा त्यांचा नवस. दुपारी डांबर तापलेले. संध्याकाळी पाहतो तो दोन्ही तळवे भाजलेले! आम्ही घाबरलो. ते म्हणाले, "गुरुजी, दुखत नाही, मग काळजी कशाला?" दुखत नव्हते हीच तर काळजीची गोष्ट होती. या आजारात पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. जखमही लवकर भरत नाही. पुढे त्यांची दोन बोटे काढावी लागली.

अशा माणसाने अनवाणी चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नवस दुसरा करावा. निघण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. साधा फोड आला तरी थांबून दाखवावा.

मुक्कामाला पोचलात की पाय धुवा. बोटांच्या बेचक्यांत कोरडे पुसा, नाहीतर चिखल्या होतात. मग तळवा पाहा. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतोच. आमच्या दिंडीत आता रात्री भजन झाले की बॅटरी लावून एकमेकांचे तळवेही पाहतात.