पाळीच्या गोळ्या आणि मनाची अवस्था

ग्वाल्हेरमध्ये स्त्रियांच्या आजारांसाठी कमलाराजा रुग्णालय आणि मनोविकारांसाठी १९३५ साली स्थापन झालेली मानसिक आरोग्यशाळा अशा दोन वेगळ्या संस्था आहेत. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधकांचा प्रश्न या दोन शास्त्रांच्या नेमक्या सीमेवर पडतो; कारण गोळी स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात, पण तिचा मनावर काही परिणाम झालाच, तर तो मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचतो आणि तोही बहुधा उशिरा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, तर गोळी घेणाऱ्या जेमतेम ५.१ टक्के होत्या. त्यामुळे हा विषय भारतात गौण वाटण्याचा संभव आहे. परंतु ही टक्केवारी विवाहितांची आहे. अविवाहित मुलीच्या हाती हीच गोळी ‘पाळी नियमित करण्याची गोळी’ म्हणून येते. बीजकोशात अनेक लहान पुटिका दिसणे, पाळी लांबणे, चेहऱ्यावर मुरुमे व लव येणे अशी लक्षणे असलेल्या, पीसीओएस या नावाने परिचित झालेल्या विकारावर ती सर्रास दिली जाते, आणि आईच्या लेखी तिचा गर्भनिरोधनाशी काही संबंध नसतो. (गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी गोळी निराळी, तिच्यात नॉरएथिस्टेरॉन हे एकच संप्रेरक असते व ती थोडेच दिवस घेतली जाते.)

या प्रश्नावरील बहुचर्चित अभ्यास डेन्मार्कमधून २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. संयुक्त गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन्ही संप्रेरके असलेली गोळी, घेणाऱ्यांमध्ये नैराश्यावरील औषध पहिल्यांदा सुरू होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे १.२ पट आढळले, तर १५ ते १९ या वयोगटात ते १.८ पट होते. ‘पट’ हा शब्द मात्र बेताने वाचावा लागतो: सर्व वयोगट व सर्व संप्रेरक-साधने एकत्र धरली, तर वर्षाला शंभरातील १.७ स्त्रियांऐवजी २.२ स्त्रियांना असे औषध लागले, एवढाच तो फरक होता. शिवाय गोळी घेणाऱ्या व न घेणाऱ्या मुली इतर बाबतींत सारख्या नसतात. पीसीओएस असलेल्यांत तर गोळीविनाही नैराश्य अधिक आढळते, त्यामुळे दोष गोळीचा की मूळ विकाराचा, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही.

ही अडचण टाळणारा एक प्रयोग स्वीडनमध्ये झाला. त्यात ३४० निरोगी तरुणींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून तीन महिने एका गटाला खरी व दुसऱ्याला औषधविरहित गोळी दिली गेली. भारतीय वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की त्या गोळीतील घटक व मात्रा (०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल) सरकारी ‘माला-एन’मध्ये आहेत त्याच होत्या. खरी गोळी घेणाऱ्यांचे एकंदर स्वास्थ्य किंचित खालावले, पण नैराश्याच्या लक्षणांत लक्षणीय वाढ झाली नाही. तात्पर्य, बहुतेकींना गोळी मानवते आणि काहींना ती खरोखरच सोसत नाही, असे मानणे सध्याच्या पुराव्याला धरून आहे.

ती काहींनाच का सोसत नसावी, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की शरीरातील प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होऊन ते मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचे कार्य वाढवते. गोळीमुळे स्त्रीबीज सुटणे थांबले, की शरीराचे स्वतःचे प्रोजेस्टेरॉन घटते व हे द्रव्यही कमी होते. पौगंडावस्थेत मेंदूची घडण अजून चालू असल्याने हा बदल तेव्हा अधिक जाणवत असावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत नैराश्य असलेल्या स्त्रीलाही संयुक्त गोळी निषिद्ध नाही, आणि ते योग्यच आहे, कारण नको असलेल्या गर्भधारणेचा मनावरील भारही लहान नसतो. डॅनिश नोंदींत नैराश्यावरील औषधे सुरू होण्याचे प्रमाण संप्रेरक-साधन चालू केल्यावर सहा महिन्यांनी सर्वाधिक होते. तेव्हा पूर्वी नैराश्य येऊन गेले होते का हे सुरुवातीलाच, आणि झोप, चिडचिड, रडू येणे, अभ्यासातून मन उडणे यांविषयी पहिल्या सहा महिन्यांत विचारणे डॉक्टरांना अवघड नाही. पाळीच्या तारखांची चौकशी होते, मनाची होत नाही. त्रास झाल्यास परस्पर गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरकविरहित तांबी, किंवा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ ही स्टेरॉइडविरहित गोळी निवडता येते. ‘अंतरा’ या संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक इंजेक्शनाची गोष्ट वेगळी: त्याचा परिणाम तीन महिने टिकतो व ते एकदा टोचले, की शरीरातून काढून घेता येत नाही. म्हणून ज्या मुलीच्या पूर्वेतिहासात नैराश्य आहे, तिच्याशी हे बोलणे इंजेक्शन देण्याआधीच झाले पाहिजे. आणि मन फारच खचले, तर टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.