मेडिकल बोर्डाचा शेरा आणि जवानाची पेन्शन

आजारामुळे किंवा दुखापतीमुळे नोकरीची मुदत संपण्याआधी घरी पाठवलेल्या जवानाला फौजेच्या बोलीत 'बोर्ड आउट' झालेला म्हणतात. त्याच्यावर बडतर्फीचा डाग नसतो. डिस्चार्ज बुकात चारित्र्यासमोर बहुधा चांगलाच शेरा असतो. तरीही अशा दोन जवानांपैकी एकाला जन्मभर पेन्शन मिळते, तर दुसरा एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन गावी परततो. फरक पडतो तो मेडिकल बोर्डाने एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरामुळे: हा आजार लष्करी सेवेमुळे जडला किंवा सेवेमुळे बळावला का? हे उत्तर चुकीचे आहे असे जवानाला वाटले, तर ते बदलून घेण्याचा मार्ग कायद्यात आहे. तो लांबचा आहे, पण बंद नाही.

अमेरिकेत सैनिकाला मिळणाऱ्या डिस्चार्जला दर्जा असतो आणि तो वाढवून मागण्यासाठी वेगळी पुनर्विलोकन मंडळे आहेत. ११ सप्टेंबर २००१ ते ३१ डिसेंबर २००९ या काळात २० टक्के किंवा त्याहून कमी अपंगत्व ठरवून ज्यांना कमी केले गेले, त्यांची प्रकरणे पुन्हा तपासण्यासाठी तिथल्या कायद्याने खास मंडळही नेमले. भारतात डिस्चार्जच्या दर्जाला तितके महत्त्व नाही. इथला वाद तीन गोष्टींवर होतो: सेवामुक्ती कोणत्या नियमाखाली झाली, आजाराचे कारण काय लिहिले आणि अपंगत्व किती टक्के धरले.

लष्करात प्रकृतीची प्रतवारी 'शेप' या पद्धतीने होते. मानसिक स्थिती, ऐकणे, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि दृष्टी अशा पाच बाजूंनी जवानाला तोलले जाते. सगळ्यात पहिला क्रमांक असेल तर तो 'शेप वन'. एखाद्या बाजूत घसरण झाली की तो लो मेडिकल कॅटेगरीत जातो. त्याला हलके काम देऊन ठेवता येते. तेही जमणार नसेल, तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसते आणि आर्मी रूल्स, १९५४ मधल्या १३व्या नियमाखाली सेवामुक्ती होते. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या आजारी जवानासाठी रिलीज मेडिकल बोर्ड असते.

पूर्वी अनेक युनिटांत सोपी वाट काढली जाई. कॅटेगरी घसरलेल्या माणसाला 'योग्य काम उपलब्ध नाही' असे कारण देऊन साध्या डिस्चार्जवर घरी धाडले जाई आणि इनव्हॅलिडिंग बोर्डाला फाटा दिला जाई. २००८ मध्ये राजपाल सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. शिवाय पेन्शनच्या पात्रता नियमांनुसार, कायमच्या खालच्या कॅटेगरीत टाकलेल्या आणि त्या कारणाने मुदतीआधी कमी केलेल्या जवानाला 'बोर्ड आउट' झालेलाच समजायचे असते, कागदावर शब्द कोणताही असो. म्हणून डिस्चार्ज बुक हातात आल्यावर सेवामुक्तीचे कारण आणि नियमाचा क्रमांक आधी वाचावा. पुष्कळ जण ते पान उलटतात आणि रकमेकडे जातात.

बोर्डाच्या फॉर्मवर आजाराचे नाव, तो पहिल्यांदा कधी आणि कोणत्या ठाण्यावर दिसला याची नोंद असते. त्यापुढे तीन प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर लिहायचे असते: सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, सेवेशी संबंध नाही का. शेजारी कारणासाठी जागा असते. त्या जागेत वर्षानुवर्षे एकच ठराविक वाक्य पडत आले आहे: आजार शरीराच्या घडणीतला आहे, सेवेशी संबंध नाही. शांततेच्या ठाण्यावर आजार सुरू झाला, एवढेच कारणही कधी कधी लिहिलेले असते. शेवटी टक्केवारी आणि ती किती काळासाठी, हे येते.

या शेऱ्याची किंमत रुपयांत मांडली की चित्र स्पष्ट होते. समजा, नऊ वर्षे नोकरी झालेल्या जवानाचा शेवटचा पगार पेन्शनच्या हिशेबासाठी ४०,००० रुपये धरला आणि अपंगत्व २० टक्के ठरले. आजार सेवेशी जोडला गेला, तर पगाराच्या निम्मा म्हणजे २०,००० रुपयांचा सेवा घटक मिळतो. अपंगत्व घटक १०० टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के असतो, म्हणजे २० टक्क्यांना २,४०० रुपये. पण बोर्ड आउट झालेल्याची टक्केवारी वर ओढण्याची सवलत आहे: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, त्यापुढे ७५ आणि मग १००. त्यामुळे हेच २,४०० रुपये ६,००० होतात आणि पेन्शन २६,००० रुपयांवर जाते, महागाई भत्ता वेगळा. 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा पडला, तर दहा वर्षे न भरलेल्या या जवानाच्या वाट्याला जुन्या नियमाने फक्त ग्रॅच्युइटी येते. दहा वर्षे झालेल्याला निदान इनव्हॅलिड पेन्शन तरी मिळते. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने दहा वर्षांची अट शिथिल केली, मात्र ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांसाठी, आणि नागरी नोकरीलाही कायमचा अपात्र ठरलेल्यांपुरती. शत्रूच्या कारवाईत किंवा युद्धसदृश मोहिमेत झालेल्या जखमेसाठी वॉर इंज्युरी पेन्शन आहे, तिचे दर यापेक्षा बरेच वरचे.

शेरा बदलून घेण्यात जवानाचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंह निकाल. सिग्नल कोरमध्ये १९८५ साली भरती झालेला हा शिपाई नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या आजाराने बोर्ड आउट झाला. अपंगत्व २० टक्के, शेरा नेहमीचाच: शरीराच्या घडणीतला आजार. सर्वोच्च न्यायालयाने लष्कराचेच नियम समोर ठेवून विचारले, की भरतीच्या वेळी डॉक्टरांनी याला तपासून धडधाकट म्हणून घेतले होते ना? तेव्हा कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असेच धरावे लागेल. नंतर आलेला आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायचे ओझे लष्करावर, जवानावर नाही. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. आणि भरतीच्या वेळी आजार ओळखता आला नसता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर तसे का, हे बोर्डाने लिहिले पाहिजे. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंह प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: ज्या आजारासाठी माणसाला नोकरीतून काढावे लागते, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी म्हणता येणार नाही. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने टक्केवारी वर ओढण्याची सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली.

सगळे निकाल मात्र एका बाजूचे नाहीत, आणि वकील हे सांगेलच असे नाही. २०१९ मध्ये नरसिंह यादव प्रकरणात न्यायालयाने स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सापडणे अवघड असते हे मान्य करून जवानाचा दावा फेटाळला. २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात त्याच आजाराच्या जवानाला दिलासा मिळाला, कारण बोर्डाने कारणच दिले नव्हते. म्हणजे लढाई आजाराच्या नावापेक्षा कारणाच्या रकान्यात जिंकली किंवा हरली जाते. रजेतल्या अपघातांचे तर वेगळेच. रजेवर निघताना आणि परत जाताना होणारा ठाणे ते घर हा प्रवास ड्युटीत धरला जातो. पण गावी आल्यावर स्वतःच्या कामाने गाडीवरून जाताना झालेला अपघात सेवेशी जोडता येत नाही, असे २०११ च्या जुझार सिंह निकालाने ठरवले. सुट्टीत नांदुऱ्याच्या बाजाराला निघालेल्या जवानाची मोटारसायकल घसरली तर त्याच्यापुढे हाच निकाल ठेवला जाईल.

नियमांच्या तारखाही पाहाव्या लागतात. २००७ अखेरपर्यंत सेवेतून बाहेर पडलेल्यांना १९८२ चे पात्रता नियम, १ जानेवारी २००८ पासूनच्यांना २००८ चे, तर २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढच्यांना नवे नियम लागू होतात. २००८ च्या नियमांत एक गोम आहे. सेवामुक्तीला १५ वर्षे उलटून कागदपत्रे नष्ट झाल्यावर दावा केला, तर सिद्ध करायचे ओझे जवानावर येते. उशीर त्यामुळे दुहेरी महाग पडतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या जवानाने सुरुवात करायची ती कागदांपासून. त्याची सेवापुस्तिका आणि वैद्यकीय कागद गावात किंवा जिल्ह्यात नसतात, ते त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला. माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून बोर्डाच्या कार्यवाहीची, भरतीच्या वेळच्या तपासणीची आणि लष्करी दवाखान्यात दाखल झाल्याच्या कागदांची प्रमाणित प्रत मागता येते. अर्जात सैन्य क्रमांक, हुद्दा आणि सेवामुक्तीची तारीख हवीच. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे कागद लष्कर साधारण २५ वर्षे ठेवते आणि मग नष्ट करते. नव्वदच्या दशकात घरी आलेल्यांच्या बाबतीत घरातल्या ट्रंकेत जपलेले डिस्चार्ज बुक हाच कधी कधी एकमेव पुरावा उरतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बुलढाण्याला आहे. बोथा घाटाचा रस्ता धरला की खामगावहून दोनेक तासांत तिथे पोचता येते. तिथले कल्याण संघटक अर्ज लिहायला आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायला मदत करतात. हे काम त्यांचे आहे, उपकार नव्हे. त्यांच्यावर पुण्यात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 'वीर परिवार सहायता योजना' सुरू झाली असून, सैनिक मंडळांमधून मोफत कायदेशीर सल्ला देणे हा तिचा हेतू आहे.

दावा नाकारल्याचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते. ते लष्करी मुख्यालयाच्या अपील समितीसमोर जाते. तेही फेटाळले गेले, तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे अपील. या अपिलांत भावनिक मजकुराचा उपयोग फारसा होत नाही. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नव्हती, अमुक तारखेला अमुक ठाण्यावर पहिला झटका आला, त्याआधी इतके महिने उंचावरच्या किंवा दहशतवादविरोधी भागात ड्युटी होती आणि बोर्डाने कारण दिलेले नाही, हे चार मुद्दे तारखांसह मांडलेले अपील दहा पानी विनवणीपेक्षा भारी पडते. आजार वाढला असेल तर टक्केवारीची फेरतपासणीही मागता येते. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचा निर्णय एरवी आयुष्यभरासाठी असतो; स्वतः मागितल्याशिवाय फेरतपासणी होत नाही.

यानंतरचे दार सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्राची प्रकरणे मुंबईच्या खंडपीठाकडे जातात. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. अपिलावर सहा महिने उत्तरच आले नाही, तरीही अर्ज करता येतो. जवान स्वतः उभा राहून बाजू मांडू शकतो, वकील सक्तीचा नाही. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्याआधी सामान्य शिपायाला थेट दिल्ली गाठावी लागे, आणि तिथे पोचणारे थोडेच असत.

फार उशीर झालेल्यांसाठी २००८ चा तरसेम सिंह निकाल उपयोगी आहे. १९८३ मध्ये बोर्ड आउट झालेला हा जवान १६ वर्षांनी न्यायालयात गेला. दरमहा न मिळालेली पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय असल्याने दावा मुदतबाह्य होत नाही, मात्र थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल, असे न्यायालयाने ठरवले. पुढची पेन्शन त्यामुळे वाचते, मागची वर्षे जातात.

दोन गट अजून या चौकटीबाहेर आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा अन्य अकादमीत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटला माजी सैनिक मानले जात नाही. भरती केंद्रात कवायत करताना जखमी झालेल्या शिपाई रिक्रूटला अपंगत्व पेन्शन मिळू शकते, आणि अधिकारी होऊ घातलेल्या कॅडेटला केवळ सानुग्रह रक्कम, ही विसंगती उघडच खटकणारी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली आणि त्याच महिन्यात सरकारने या कॅडेटना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले.

दुसरा गट अग्निवीरांचा. त्यांना पेन्शनच नाही, त्यामुळे अपंगत्व पेन्शनही नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ आणि ५० टक्के अशा तीन पायऱ्यांवर अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये ड्युटीवर मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाला काय मिळणार यावर देशभर चर्चा झाली आणि लष्कराला विमा, सानुग्रह अनुदान व सेवा निधीचे आकडे जाहीर करावे लागले. मृत्यूपेक्षा अपंगत्वाची चर्चा कमी होते. मात्र अग्निवीराच्याही अपंगत्वाचे कारण आणि टक्केवारी मेडिकल बोर्डच ठरवते, आणि सेवेशी संबंध नाही असा शेरा पडला तर त्याला अपंगत्वाच्या या तीन रकमांपैकी एकही मिळत नाही.