पाच पैशांचं तिकीट

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच निर्वासित मदतीचा मजकूर छापून वेळ भागवली. मग नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून खास तिकीट निघालं. १९७३ पर्यंत सामान्य माणसाने हा भार उचलला.

श्रीमंत ब्रिटनने मात्र आश्रय मागणाऱ्यांच्या मदतीलाच कात्री लावली. २०१४ मध्ये 'रेफ्युजी ॲक्शन' संस्थेने भत्ता गोठवण्याविरुद्ध उच्च न्यायालयात दावा जिंकला. तरीही २०१५ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांचा आठवड्याचा भत्ता ५२.९६ पौंडांवरून ३६.९५ वर आला.

आश्रय मागणाऱ्यांना सहसा मताचा अधिकार नसतो. त्यांच्यासाठी नागरिकांनीच आवाज उठवायला हवा.