‘सर, ताबूत म्हणजे काय?’

आज ब्रिटिशकालीन हंटर शिक्षण आयोगाकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षकांचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचेना.

मोहरमच्या सुट्टीनंतर चौथीतल्या एका मुलीनं त्यांना विचारलं, ‘सर, ताबूत म्हणजे काय?’ सर म्हणाले, ‘घरी विचार.’ माझा गेल्या आठवड्याचा लेख वाचून त्यांना हायसं वाटलं. सरकारी शाळेत संविधानाच्या कलम २८ नुसार धर्म शिकवता येत नाही, म्हणजे आपण केलं ते योग्यच झालं, असं ते लिहितात.

नाही सर, ते योग्य झालं नाही. कलम समजावताना मी घाई केली, तुमची समजूत त्यातून झाली.

राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत मनाई आहे ती मुलाच्या मनात श्रद्धा रुजवण्याला. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याच कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ही सीमा स्पष्ट केली. दाखला दिला तो इस्लामचाच. ईश्वर एक आहे आणि पैगंबर अखेरचे प्रेषित आहेत असं माना, हे सांगणं म्हणजे धर्मशिक्षण. अभ्यास ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट. पुढे २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावरून सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००२ च्या निकालात न्यायालयानं आराखडा वैध ठरवला आणि धर्मांची माहिती देण्याला कलम २८ आड येत नाही, असं म्हटलं. त्या निकालाला आधार होता मूल्यशिक्षणावरच्या संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाचा. समितीचे अध्यक्ष होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण.

आणि यापेक्षा कितीतरी जुना एक दाखला माझ्या फार आवडीचा आहे. १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे शिक्षण धोरणाचा आदेश. कंपनी सरकारच्या शाळांत ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, पण बायबल ग्रंथालयात राहील. मुलानं आपणहून काही विचारलं, तर शाळेच्या वेळेबाहेर मास्तरांनी उत्तर द्यायला हरकत नाही. मुंबईत धर्मांतराची धग तेव्हा ताजी होती. मिशनच्या शाळेत शिकणारे शेषाद्री बंधू १८४३ मध्ये घर सोडून पाद्र्यांकडे गेले. नारायणानं बाप्तिस्मा घेतला. श्रीपत अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. इतक्या तापलेल्या काळातही मुलाच्या प्रश्नाला दार उघडं होतं. तुमच्या वर्गातल्या मुलीला ते बंद का असावं?

राहिला प्रश्न, सांगायचं कसं. मला वाटतं, सारं क्रियापदात आहे.

हे मी एक चूक करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाचवीच्या वर्गात मी सांगितलं, ‘ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली.’ एक मुलगा उठून म्हणाला, ‘खरंच?’ मी त्याला खाली बसवलं, जरा जोरातच. त्या वर्षी त्यानं मला पुन्हा काही विचारलं नाही. ‘चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा भावंडांनी भिंत चालवली अशी कथा सांगतात’, एवढं म्हटलं असतं तर पुढे बोलता आलं असतं. अशी कथा का जन्माला आली, संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांच्या बाबतीत लोकांना ती का सांगावीशी वाटली, हे सगळं. ‘आहे’, ‘झालं’ म्हटलं की कथेचा हुकूम होतो. ‘मानतात’, ‘सांगतात’ म्हटलं की विचारायला जागा राहते.

म्हणून सर, त्या मुलीला सांगा: इसवी सन ६८० मध्ये करबला इथे पैगंबरांचे नातू हुसेन लढाईत मारले गेले. त्यांच्या कबरीची आठवण म्हणून कागद-बांबूचे ताबूत करतात. शिया मुसलमान मोहरम हा शोकाचा काळ मानतात. कडेगावचे ताबूत तिनं पाहिले असतील, तिथे हिंदूंचेही ताबूत असतात. ते का, हे तिलाच गावात विचारून यायला सांगा.

ताबुतापुढे हात जोडायला मात्र लावू नका. मग त्याच शाळेत होणाऱ्या सरस्वतीपूजनाचं काय, असं तुम्ही विचाराल. माझं मत सांगतो. चित्र दाखवा, वीणा नि हंस समजावा, कोणत्या घरी पाटीपूजन करतात तेही सांगा. हात जोडणं ज्याच्या त्याच्यावर सोडा. दोन्हींना माप एकच हवं. काही वाचकांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

अनुदानित शाळांबद्दल दोन पत्रं आली आहेत. धर्मशिक्षणाला पालकांची संमती कुणी, कधी, कोणत्या कागदावर घेतली, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यासाठी कलम २८ चा तिसरा भाग उघडावा लागेल, तो पुढच्या आठवड्यात. हंटर आयोग त्यानंतर.