अंतराळ निवासाची रचना आणि रहिवाशांचे मानसिक स्वास्थ्य : ‘बाहेर’ नसलेल्या घराचा विचार

प्रस्तावना :
अंतराळातील निवासाचा विषय निघाला की प्राणवायू, पाणी, तापमान व किरणोत्सर्गापासून संरक्षण या बाबी प्रथम डोळ्यांसमोर येतात. त्यांच्याशिवाय जीवनच अशक्य असल्याने हे स्वाभाविक आहे. तथापि चार-सहा माणसांना एकाच बंदिस्त जागेत महिनोन्महिने राहावयाचे असेल, तर त्यांच्या मनाला मानवेल अशी रचना करणे हाही अभियांत्रिकीचाच प्रश्न ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या विभागास मान्यता दिली. तो २०२८ पर्यंत आणि संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे हा विषय आता आपल्याही आराखड्याचा भाग झाला आहे. प्रस्तुत लेखात या रचनेमागील मानसशास्त्रीय तत्त्वाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

दाटी आणि गर्दीची जाणीव :
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल स्टोकोल्स यांनी १९७२ मध्ये ‘दाटी’ व ‘गर्दी’ या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट केला. दाटी म्हणजे ठरावीक जागेतील माणसांची संख्या. ती मोजता येते. गर्दी ही मात्र मनाला होणारी जाणीव आहे. आयर्विन ऑल्टमन यांनी १९७५ मध्ये या विचारास जोड दिली. त्यांच्या मते, इतरांशी केव्हा व किती जवळीक ठेवावी हे स्वतः ठरविता येणे म्हणजे खासगीपणा होय. ही निवड हातून गेली की माणूस एक तर गुदमरतो, नाहीतर एकाकी होतो.

या भेदाचे उदाहरण मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात पाहावयास मिळते. येथील घरे लहान व एकमेकांस लागून आहेत. परंतु घराचा व्यवहार चार भिंतींत संपत नाही. जाळी सांधणे, मासळी निवडणे, म्हाताऱ्यांचे गप्पांना बसणे, मुलांचे खेळणे हे सारे उंबऱ्याबाहेर, गल्लीत व होड्यांजवळच्या किनाऱ्यावर चालते. घरात शब्दाला शब्द लागला तर उठून समुद्राकडे जाता येते. होडीवर तांडेल व खलाशी दिवसेंदिवस दाटीने राहतात. तेथेही डोक्यावर आकाश व समोर क्षितिज असते. लहान घराला या ‘बाहेर’चा मोठा आधार असतो. अंतराळ निवासात नेमका हाच आधार नाहीसा होतो.

अंटार्क्टिकातील भारतीय अनुभव :
असे ‘बाहेर’ जवळजवळ नसलेल्या घराचा अनुभव भारतास अंटार्क्टिकामुळे मिळाला आहे. पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आज या मोहिमांचे संचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. १९८३-८४ मध्ये उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र हळूहळू बर्फाखाली गाडले गेल्याने सोडावे लागले. १९८९ मध्ये ‘मैत्री’ खडकाळ जमिनीवर उभे राहिले. हिवाळी तुकडीला तेथे सुमारे दोन महिने सूर्यदर्शन होत नाही आणि जहाज परतल्यावर अनेक महिने नवा चेहरा दिसत नाही. २०१२ मध्ये कार्यान्वित झालेले ‘भारती’ १३४ मालवाहू कंटेनर जोडून, जमिनीपासून उंचावर बांधले आहे. बर्फात गाडल्या गेलेल्या केंद्रापासून मोठ्या काचांतून बाहेरचा देखावा दाखविणाऱ्या इमारतीपर्यंतचा हा प्रवास रचनाकारांस बोधप्रद आहे.

अंतराळ स्थानकांतील उपाय :
अमेरिकेच्या १९७३ मधील ‘स्कायलॅब’ स्थानकासाठी सल्लागार असलेल्या रेमंड लोवी यांनी राहत्या भागात खिडकी असावी असा आग्रह धरला. खर्च व बांधणीतील अडचणींमुळे अभियंत्यांचा त्यास विरोध होता. अखेर खिडकी बसली आणि तिच्यातून पृथ्वी पाहणे हा अंतराळवीरांचा आवडता विरंगुळा ठरला. सोव्हिएत रचनाकार गालिना बालाशोवा यांनी वजनरहित अवस्थेत दिशाभान राहावे म्हणून जमीन व छत यांना वेगवेगळे रंग योजले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर दिवसाला सुमारे १६ सूर्योदय होतात. तेथे झोपेचे चक्र सांभाळण्यासाठी २०१६ पासून रंगछटा बदलणारे दिवे बसविण्यात आले. २०१० मध्ये सात काचांचा ‘क्युपोला’ जोडला गेला. २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तेथेच वाढविलेली लेट्यूसची पाने खाल्ली. झोपण्याच्या खोल्या जेमतेम एका माणसाच्या असल्या तरी त्यांचे दार लावून घेता येते.

या सर्व उपायांत एक समान सूत्र दिसते. लावता येणारे दार एकांत देते, सामाईक जेवणाचे टेबल सहवास देते, आणि खिडकी, प्रकाश व हिरवे रोप हरवलेल्या ‘बाहेर’ची उणीव काही अंशी भरून काढतात.

भारतीय संदर्भ :
नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह येथे इस्रोच्या मानवी अंतराळ उड्डाण केंद्राने पृथ्वीवरील अनुरूप मोहीम सुरू केली. तीत आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचा सहभाग होता. अशा प्रयोगांत जीवनाधार यंत्रणांबरोबरच माणसे जागा कशी वापरतात याचीही काटेकोर नोंद होणे आवश्यक आहे. कोण कोठे एकटा बसतो, भांडणानंतर कोठे जातो, जेवणाचे टेबल केव्हा रिकामे राहू लागते, या साध्या निरीक्षणांतून रचनेतील उणीव उघड होते.

निष्कर्ष :
अवकाशात प्रत्येक किलोग्रॅमचा हिशोब असतो. म्हणून वजन कमी करावयाची वेळ आली की खिडकी, दार व टेबल यांवरच प्रथम कात्री चालण्याचा धोका असतो. स्थानकाचा सांगाडा एकदा कक्षेत गेला की त्यात खिडकी पाडता येत नाही. केवळ समुपदेशनाने ती उणीव भरून निघणार नाही. मानसिक स्वास्थ्याचे निकष पहिल्या आराखड्यातच समाविष्ट झाले पाहिजेत. त्यासाठी अभियंत्यांसमवेत मानसशास्त्र, समाजशास्त्र व वास्तुशास्त्र यांच्या अभ्यासकांनी बसणे गरजेचे आहे. दाट वस्तीत माणसे कशी राहतात याचे क्षेत्र-अध्ययन तर आपल्या महाविद्यालयांना आजही सहज शक्य आहे. मच्छीमार नगरातील उंबऱ्यावर नोंदविलेले निरीक्षण उद्याच्या अंतराळ निवासाच्या आराखड्यास उपयोगी पडावे, इतका हा विषय आपल्या जवळचा आहे.